पहिले उत्तर

परीक्षा घेणे हा आमचा पेशा आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात बरीच वर्षे शिकवीत आलो आहोत. एकाकडे व्याकरण आणि भाषाविज्ञान, दुसऱ्याकडे मध्ययुगीन साहित्य. दर उन्हाळ्यात शेजारी शेजारी बसून आम्ही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसतो आणि त्या कामात एक विद्या आमच्या अंगी मुरली आहे : विद्यार्थ्याने जे लिहिले आहे त्यातून त्याला काय लिहायचे असावे ते ओढून काढण्याची. अर्धवट वाक्य आम्ही मनातल्या मनात पुरे करतो, चुकलेला शब्द दुरुस्त करून वाचतो आणि अर्धा गुण देऊन पुढे जातो. ही विद्या दयेची आहे अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती.

आज जिच्याविषयी लिहीत आहोत त्या परीक्षेत एकूण गुण ४२ असतात आणि ज्याला शून्य मिळते तो सर्वांत बरा. खाटेशेजारी उभे राहून ती घेतात; जाणत्या परीक्षकाला सात-आठ मिनिटे पुरतात. साहित्य म्हणाल तर एक टाचणी, दोन-तीन छापील कागद आणि परीक्षकाची स्वतःची बोटे. तिचे नाव एन. आय. एच. स्ट्रोक स्केल. जानेवारी २०१९ मध्ये मिरजेच्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात आम्ही ती प्रथम पाहिली. खाटेवर आमचे सर होते.

सर म्हणजे आम्हा दोघांचेही गुरू. वय अडुसष्ट, निवृत्त होऊन आठ वर्षे झालेली. त्या दिवशी एम.ए.च्या मुलांपुढे जात्यावरच्या ओव्यांवर बोलण्यासाठी आम्हीच त्यांना बोलावले होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी व्याख्यान सुरू झाले. मिनिटाची ही नोंद आमच्या स्मरणातली नव्हे. पहिल्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने व्याख्यान मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले होते. त्या मुद्रणाला पुढे फार महत्त्व आले.

वीस-बावीस मिनिटे सर नेहमीसारखे बोलले. मग 'जात्यावरची ओवी' म्हणायच्या जागी ते 'जात्यावरची चावी' म्हणाले. मुले हसली, आम्हीही हसलो. सरांना शब्दांशी खेळण्याची खोड होती. एखादा श्लेष टाकून वर्गाकडे मिस्कील नजरेने पाहायचे ही त्यांची जुनी लकब. ओवी ही बाईच्या मनाची चावी, असे काहीतरी त्यांना सुचवायचे आहे असा अर्थ आम्ही लावून मोकळे झालो. मग जात्याचे पीठ 'पेटी' झाले. "ती दळते म्हणजे वळते, वळणाची ती पेटी सरते," असे एक वाक्य त्या मुद्रणात आहे. ते पुनःपुन्हा ऐकताना आमच्यातल्या व्याकरण शिकवणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ आहे, लिंग-वचन चोख आहे, षष्ठीचा प्रत्यय जागच्या जागी आहे. वाक्याची इमारत उभी आहे आणि आत कोणी राहत नाही. सर आणखी जवळजवळ पंचवीस मिनिटे बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही चहा मागवला.

कोणी म्हणेल, तुम्ही भाषेचे प्राध्यापक. तुमच्या कानांना हे कळू नये? नाही कळले. किंबहुना भाषेचे प्राध्यापक नसतो तर कदाचित लवकर कळले असते. चहाच्या वेळी सरांनी चष्मा मागितला तो भलत्याच शब्दाने, आम्हाला उमगेना तेव्हा ते संतापले, आणि तरीही आम्ही 'थकलेत, पित्त झाले असेल' एवढ्यावर होतो. विभागाच्या शिपाईमामांनी दारातून दोन वाक्ये ऐकली आणि म्हणाले, "मॅडम, हे काय बरोबर न्हाई. सरांस्नी दवाखान्यात न्या. आमच्या तात्यास्नी असंच झालतं." मामांना अर्थ लावायचा नव्हता. त्यांनी फक्त ऐकले.

दुसरेही एक कारण आहे आणि ते आमच्या भाषेतच आहे. या आजाराला मराठीत जे शब्द आहेत ते सगळे शरीराकडे बोट दाखवतात. पक्षाघातातला पक्ष म्हणजे अंगाची बाजू. अर्धांगवायूत तर अंगच आहे. अरबीतून आलेला लकवा मुळात वाकड्या झालेल्या तोंडाचा. आणि 'वाचा गेली' असे आपण म्हणतो ते बोलणे बंद पडले तर. सरांचे हात हलत होते, पाय चालत होते, तोंड सरळ होते, वाचा तर नको तितकी वाहत होती. त्या रोगाचे नाव आमच्या मनात यावे असा एकही शब्द आमच्याजवळ नव्हता. खरे सांगायचे तर एक होता. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी 'तान' या एकाच उच्चारावर आलेल्या रुग्णाचा मेंदू तपासला आणि १८७४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार वर्णिला : बोलणे ओघवते, पण शब्द चुकलेले आणि ऐकलेले न कळणारे. वाचाघाताचे हे दोन प्रकार आम्ही दर वर्षी शिकवतो. परीक्षेत त्यावर टीपही विचारतो. पाच गुणांची.

मिरजेला पोहोचेपर्यंत दुपारचे एक चाळीस झाले. वाटेत सर आमच्याशी एकसारखे बोलत होते.

आत घेताच बोटातून रक्त काढून साखर पाहिली, कारण साखर फार उतरली तरी माणूस असाच बरळू शकतो. मग न्यूरॉलॉजिस्ट बाई आल्या, आमच्याच वयाच्या. पहिला प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला : "शेवटचे अगदी नीट कधी होते?" आम्ही म्हणालो, साडेबारा. आमच्या ध्यानात साडेबाराला आले होते म्हणून. तेवढ्यात आमच्यासोबत आलेल्या त्या विद्यार्थिनीने हळूच मोबाइल पुढे केला. बाईंनी 'चावी'पर्यंतचे ऐकले, घड्याळाचा हिशेब केला आणि कागदावर ११.२४ लिहिले. आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि जितके लवकर तितका उपयोग जास्त. आमच्या उत्तराने एक तास सहा मिनिटे दडवली होती. पुढचा सगळा हिशेब त्या खोट्या घड्याळावर झाला असता.

मग परीक्षा सुरू झाली. ठरलेला क्रम, मागे फिरायचे नाही. रुग्ण जागा आहे का : आहे, शून्य.

"काका, महिना कुठला चालू आहे?"

"पोष," सर म्हणाले.

"आणि वय किती तुमचं?"

"पोष," सर म्हणाले. आणि मग जरा चिडून, "पोषच की."

बाईंनी दोन हा आकडा लिहिला. आम्हाला राहवले नाही. आमच्यापैकी एकजण म्हणाला, "डॉक्टर, सर पौष म्हणताहेत. पौषच चालू आहे." आणि ते खरे होते, समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पौष शुक्ल पक्ष स्वच्छ छापलेला होता. जानेवारी न म्हणता पौष म्हणावे हे सरांना शोभणारेच होते. 'औ'चा 'ओ' झाला, एवढेच. उत्तरपत्रिकेत आम्ही पूर्ण गुण दिले असते.

"असेलही," बाई म्हणाल्या. "पण पहिलं उत्तर धरायचं असतं आणि जवळपासच्या उत्तराला गुण नसतात. त्यांना काय म्हणायचं होतं ते मी लिहायला लागले, तर उद्या सकाळी फरक पडला की नाही हे कशावरून सांगू?"

पुढच्या पायरीला आमच्यापैकी दुसऱ्याने नकळत स्वतःचेच डोळे मिटून सरांना दाखवले. तेव्हा मात्र त्यांनी आम्हाला चार पावले मागे उभे केले. "सुचवू नका. दाखवायचं असेल तेव्हा मी दाखवीन." डोळे मिटा, उघडा, मूठ आवळा, सोडा. शब्दांनी सरांना कळले नाही. बाईंनी स्वतः करून दाखवले तेव्हा त्यांनी दोन्ही केले. नियमात तेवढी मुभा आहे. शून्य.

नजर डावीकडे-उजवीकडे फिरते का. दृष्टीच्या चारी कोपऱ्यांत हलवलेली बोटे दिसतात का. उजवीकडचा वरचा कोपरा सरांना दिसत नव्हता, एक गुण. दात दाखवा. हात पंचेचाळीस अंशांवर उचलून दहा सेकंद धरायचा, बाई मोठ्याने मोजत होत्या. सरांचे दोन्ही हात खांबासारखे स्थिर. पाय तीस अंशांवर, पाच सेकंद. तेही स्थिर. "हातपाय चांगले आहेत हो, देवाची कृपा," काकू म्हणाल्या. टाचणीच्या टोकाला सरांनी दोन्हीकडे सारखेच हुं केले.

आणि मग भाषा. एका कागदावर स्वयंपाकघराचे चित्र : बाई भांडी पुसते आहे, मोरीतून पाणी वाहून खाली सांडते आहे, तिच्या पाठीमागे मुलगा कलत्या स्टुलावर चढून बरणीतली बिस्किटे काढतो आहे, मुलगी हात पुढे करून उभी आहे. सर त्या चित्रावर एक मिनिटभर अस्खलित बोलले. त्यात बाई नव्हती, पाणी नव्हते, चोरी नव्हती. दुसऱ्या कागदावर सहा वस्तू : हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, पीस आणि दोन टोकांना बांधलेली झोळी. सरांनी खुर्चीला 'बसतं ते' म्हटले आणि किल्लीला 'ओवी'.

आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

दहाव्या पायरीवर उच्चार. स्पष्ट, स्वच्छ, एक व्यंजन झिजलेले नाही : शून्य. ज्या उच्चारांसाठी आमच्या पिढीने सरांना डोक्यावर घेतले ते उच्चार जसेच्या तसे होते.

बेरीज पाच. प्रश्नांचे दोन, दृष्टीचा एक, भाषेचे दोन. ४२ पैकी पाच! काकूंचा जीव भांड्यात पडला आणि आमचाही. पण बाईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी जे सांगितले ते आम्ही पुढे वाचून नीट समजून घेतले. ही मोजपट्टी थॉमस ब्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली ती मुख्यतः औषधांच्या चाचण्यांसाठी, वेगवेगळ्या परीक्षकांचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे शून्य ते पाच म्हणजे सौम्य. आणि सौम्य आघातातून रोजच्या जगण्याला बाध येणार नसेल, तर ते इंजेक्शन देण्यात लाभ दिसत नाही. जोखीम मात्र राहते. गुठळी विरघळवणारे औषध मेंदूत रक्तस्रावही घडवू शकते. ज्या अमेरिकी चाचणीने १९९५ साली हे औषध रूढ केले तिच्यात औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांना असा स्राव झाला होता. तीन महिन्यांनी जवळजवळ निर्वेध झालेल्यांचे प्रमाण मात्र त्यांच्यात बरेच जास्त होते.

म्हणजे प्रश्न आकड्याचा राहिलाच नाही. पाच हे पाच असतात, पण कोणाचे पाच? एका पायाच्या लटकेपणाचे पाच आणि शब्दांच्या अर्थाचे पाच यांची बेरीज सारखी येते. बाईंनी काकूंना विचारले, "सर दिवसभर काय करतात आता?"

काकू म्हणाल्या, "वाचतात, लिहितात, कोणी आलं तर शिकवतात. दुसरं काय येतं त्यांना?"

सी.टी. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. हे एक त्या खाटेपाशी कोणाच्याही डोळ्यांना कळत नाही. गुठळी आणि फुटलेली रक्तवाहिनी बाहेरून अगदी सारखी दिसू शकतात. काकूंनी सही केली, आमच्यापैकी एकाने साक्षीदार म्हणून. दोन वाजून दहा मिनिटांनी औषधाचा पहिला दहावा भाग शिरेत गेला. उरलेले तासाभरात थेंबाथेंबाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच परीक्षा पुन्हा. या वेळी एक तरुण निवासी डॉक्टर होते, धारवाडकडचे. मराठी बोलत, पण दवाखान्यापुरते. सरांनी महिना 'जानेवारी' सांगितला. वय चुकले. वस्तूंचा कागद पुढे आला. हातमोजा आला, थोड्या विलंबाने. किल्ली आली. तिसऱ्या चित्रावर सर थबकले आणि म्हणाले, "फड्या निवडुंग."

डॉक्टरांनी पेन थांबवले, सरांकडे पाहिले आणि कागदावर काही लिहू लागले. वाचाघातात रुग्ण भाषेत नसलेले शब्द बनवतो आणि 'फड्या निवडुंग' त्यांच्या कानांना तसेच काहीतरी लागले. काल आम्हाला गप्प केले होते, ती लाज अजून ओली होती. तरी या वेळी आम्ही बोललो. हा शब्द आहे, म्हणालो. वर माळावर जिकडेतिकडे असते ते निवडुंग, पंजासारख्या फडांचे. सरांना काय म्हणायचे होते ते आम्ही सांगत नव्हतो. सर जे म्हणाले ते काय आहे ते सांगत होतो. या दोहोंतला फरक आम्हाला कालच्या 'पोष'ने शिकवला होता. डॉक्टर ओशाळले, आडवी रेघ मारली. झोळीच्या चित्राला सर 'झोळी' म्हणाले. अमेरिकेतल्या अंगणात झाडांना टांगलेली ती वस्तू मराठी माणसाने बाळाची झोळी म्हणून ओळखावी, यात चूक ती काय? तेही त्यांनी मान्य केले. बेरीज दोन झाली : वयाचा एक, भाषेचा एक. उजवा वरचा कोपरा दिसू लागला होता.

शेजारच्या खाटेवर जतकडचे एक शेतकरी होते. बोलणे खणखणीत, महिना-वय बरोबर, चित्रातल्या बरणीपासून स्टुलापर्यंत सगळे सांगणारे. पण डाव्या बाजूचे जग त्यांच्यापुरते नाहीसे झाले होते. ताटातली उजवीकडची भाकरी संपवून ते 'अजून वाढा' म्हणत आणि डावीकडची भाजी तशीच राही. स्वतःचा डावा हात त्यांना दाखवला तर 'ह्यो कुणाचा?' असे निर्मळपणे विचारत. ४२ गुणांपैकी भाषेशी थेट संबंध असलेले गुण सात भरतात आणि या अशा हरवलेल्या बाजूला फार तर दोन. मेंदूच्या डाव्या अर्ध्याचा आघात या मोजपट्टीत म्हणून उजव्यापेक्षा जास्त भरतो. मेंदूच्या मागच्या भागातला आघात तर माणसाला उभे राहू देत नाही आणि खाटेवरच्या या परीक्षेत काही वेळा शून्यही मिळवतो. भाषेला जगात कुठे तरी इतका भाव मिळतो हे पाहून आम्हाला आनंद व्हायला हवा होता. त्या गृहस्थांच्या पत्नीला पाहून झाला नाही.

सर आठवड्याने घरी आले. वर्षभर एका वाचा-उपचारतज्ज्ञ मुलीकडे जाणे-येणे चालू होते. आज बोलतात, वाचतात, हळू लिहितात. घाई केली की शब्द निसटतो, आणि निसटला की आता ते थांबतात. पूर्वीसारखे वाहत जात नाहीत. पाढे मात्र अगदी पहिल्या आठवड्यापासून शाबूत होते. नातवाला तेराचा पाढा न अडखळता म्हणून दाखवीत आणि लगेच त्याचे नाव चुकवीत.

ते ध्वनिमुद्रण आम्ही जपून ठेवले होते, पण सरांना ऐकवण्याचे धाडस होत नव्हते. गेल्या संक्रांतीला तिळगूळ घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच मागितले. आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत राहिले. बाविसाव्या मिनिटाला 'चावी' आली. मुलांचे हसू ऐकू आले, त्यात आमचेही. आम्ही खाली पाहिले.

"थांबव," सर म्हणाले. "ही नव्हे. आधी. मागे घे."

आम्ही मागे घेतले. आणखी मागे. सतराव्या मिनिटाला सरांनी बोट वर केले. त्या जागी, मुद्रणातले सर अगदी शांत, भरल्या आवाजात सांगत आहेत की पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसतात आणि दोघींचे हात जात्याच्या खुंटीवर असतात.

"खुंटा," सर म्हणाले. "जात्याला खुंटा असतो. खुंटी भिंतीला."

ते वाक्य आम्ही वर्गात ऐकले होते. नंतर मुद्रणात किमान दहा वेळा ऐकले होते. दर वेळी आम्हाला खुंटाच ऐकू आला होता.